समुद्रातल्या तेल-गॅस प्रोजेक्टचा ईआयए करताय? आधी पावसाळ्याचं बघा

मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात नवीन प्लॅटफॉर्म उभा करायचा, आठ-दहा विहिरी खोदायच्या, तिथून पाइपलाइन किनाऱ्यापर्यंत आणायची, तर त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे कसं काढायचं (यालाच ईआयए म्हणतात), हे काम ज्यांच्या अंगावर पहिल्यांदाच पडलंय त्यांच्यासाठी लिहितोय. कन्सल्टन्सीत नुकतीच लागलेली पोरं, एमएससीवाले, आणि बंदरावरच्या मच्छिमार सोसायटीतलं कोणी, ज्याच्या हातात अचानक हजार पानांचा रिपोर्ट पडलाय आणि कुठल्या पानापासून सुरू करू असं झालंय, तेही.

आपल्या बाजूचा अरबी समुद्र हा एक समुद्र नाहीच, दोन आहेत. नोव्हेंबर ते मेचा एक आणि जून ते सप्टेंबरचा दुसरा. वारा वेगळा, प्रवाहाची दिशा वेगळी, तळाचा ऑक्सिजन वेगळा, मासे वेगळे. आणि बहुतेक रिपोर्ट पहिल्या समुद्रात जाऊन सॅम्पल घेऊन येतात आणि निष्कर्ष दोन्हींवर चिकटवतात. नियमात पावसाळा सोडून एका सीझनचा डेटा चालतो त्यामुळे कोणी अडवतही नाही. पण तुम्हाला काम नीट करायचं असेल तर प्रत्येक पायरीवर "आणि जुलैमध्ये?" हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

आधी प्रोजेक्ट समजून घ्या

क्लायंटकडून मिळालेलं प्रोजेक्टचं वर्णन कॉपी-पेस्ट करू नका. इंजिनियरसोबत बसा आणि विचारा. किती विहिरी, कुठला मड (खोदताना विहिरीत सोडायचा चिखलासारखा द्रव) वापरणार, पाण्यावर आधारित की सिंथेटिक, कटिंग्ज म्हणजे खोदताना निघणारा दगडाचा चुरा किती घनमीटर आणि तो कुठे टाकणार, पाइपलाइन तळावर नुसती ठेवणार की चर खणून गाडणार, फ्लेअर म्हणजे जास्तीचा गॅस जाळायची ज्योत किती जळणार, सप्लायची जहाजं कुठल्या बंदरातून आठवड्याला किती फेऱ्या मारणार, कुठली केमिकल्स. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रोड्यूस्ड वॉटर पहिल्या वर्षी किती आणि पंधराव्या वर्षी किती. तेलाबरोबर जमिनीतून येणारं हे पाणी फील्ड म्हातारं होत जातं तसं वाढत जातं. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, उत्पादन १९७६ ला सुरू झालं, म्हणजे फील्ड पन्नाशीचं आहे. रिपोर्टमध्ये फक्त पहिल्या वर्षाचा आकडा दिला असेल तर तो रिपोर्ट पहिल्या वर्षापुरताच.

हिशोब करून बघा. समुद्रात सोडायच्या पाण्यात आपल्याकडे तेलाची मर्यादा लिटरला ४० मिलिग्रॅम आहे, ९५ टक्के वेळा ती पाळायची आणि १०० च्या वर कधीच जायचं नाही. (युरोपात नॉर्थ सीच्या भागात हीच मर्यादा ३० आहे.) समजा एक प्लॅटफॉर्म दिवसाला १०,००० घनमीटर पाणी सोडतो आणि बरोब्बर ४० वर आहे, नियमात शंभर टक्के बसतोय. तरी रोजचं तेल झालं ४०० किलो, वर्षाचं १४६ टन. म्हणून मिलिग्रॅमच्या शेजारी टनाचा कॉलम टाकायचाच, तो क्लायंटला आवडत नाही पण टाकायचा.

कायद्याचं थोडक्यात

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए नोटिफिकेशनमध्ये समुद्रातलं तेल-गॅस १(बी) मध्ये येतं. डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन ए कॅटेगरीत, म्हणजे फाइल दिल्लीला जाते. नुसतं एक्सप्लोरेशन असेल तर जानेवारी २०२० पासून ते बी-२ मध्ये टाकलंय, म्हणजे त्याला ईआयए रिपोर्टही नाही आणि जनसुनावणीही नाही. हा बदल बऱ्याच जणांना माहीतच नसतो, मग लोक सुनावणीची वाट बघत बसतात आणि खोदायची रिग येऊन जाते. माझ्या मते हा बदल चुकीचा आहे, कारण शोधासाठी खोदलेली विहीर ब्लोआउट व्हायचं (म्हणजे तेल-गॅस अनावर उसळायचं) तर होतेच, तिला कॅटेगरी कळत नाही.

पाइपलाइन किनाऱ्याला लागते तिथे सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र येतो. तो समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत आहे, साधारण २२ किमी. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किमी, म्हणजे प्लॅटफॉर्म सीआरझेडच्या खूप बाहेर पण पाइपलाइनची शेपटी आत. दोन्ही वेगवेगळं वाचावं लागतं. टीओआरचं पत्र (ईआयएत काय काय तपासायचं ते सांगणारं) मिळालं की ते तीनदा वाचा, सुनावणी आहे की सूट आहे हे तिथेच लिहिलेलं असतं.

बेसलाइन

बेसलाइन म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी समुद्र कसा आहे त्याची नोंद. इथेच खरं काम आहे. प्लॅटफॉर्मच्या जागेपासून प्रवाहाच्या दिशेने २५०, ५००, १०००, २००० मीटरवर स्टेशन्स घ्या, प्रवाहाच्या उलट आणि आडव्या दिशेनेही घ्या, आणि लांब, जिथे काहीच पोचणार नाही अशी दोन-तीन रेफरन्स स्टेशन्स. आता प्रवाहाची दिशा कुठली धरायची? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळचा वरचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटा उत्तरेकडे. एकाच दिशेला लांब स्टेशन्स टाकलीत तर अर्ध्या वर्षाचा परिणाम तुमच्या नकाशाच्या बाहेर पडतो. म्हणून दोन्हीकडे.

तळाच्या गाळासाठी व्हॅन व्हीन ग्रॅब (गाळ उचलून आणणारा लोखंडी जबडा), एका स्टेशनला कमीत कमी तीन वेळा, चाळणी ०.५ मिमीची. ग्रॅब वर आला आणि जबड्यात शिंपला अडकून फट राहिली असेल, पाणी गळत असेल तर ते सॅम्पल फेकून द्या, कितीही रात्र झाली असली आणि कॅप्टन कितीही कुरकुरत असला तरी, कारण वरचा मऊ गाळ वाहून गेलेला असतो आणि तुम्हाला हवे असलेले जीव त्यातच असतात. बरण्यांची लेबलं बाहेरून बॉलपेनने लिहू नका. मी पहिल्या ट्रिपला तेच केलं होतं, फॉर्मलिन सांडून चौदा बरण्यांवरची शाई गेली आणि परत आल्यावर कुठलं सॅम्पल कुठलं ते डायरीवरून जुळवत बसलो, शेवटी पाच टाकून द्यावी लागली. ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाकायचं, एवढंच.

गाळात काय तपासायचं: पेट्रोलियम हायड्रोकार्बन, पीएएच (तेलातली विषारी संयुगं), जड धातू, आणि बेरियम विसरू नका. ड्रिलिंगच्या मडमध्ये बॅराइट हे बेरियमचं खनिज असतं म्हणून बेरियम हा कटिंग्ज कुठवर पसरले याचा ठसा असतो. आधीचा आकडा नसेल तर पाच वर्षांनी भांडायला हातात काही राहत नाही.

आता ऑक्सिजन. पश्चिम किनाऱ्याच्या शेल्फवर (किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर) पावसाळ्यात खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी ऑक्सिजन खूप खाली जातो. गोव्यात कांदोळीसमोर एनआयओचं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं) कायमचं स्टेशन १९९७ पासून हे मोजतंय. आता विचार करा, तुम्ही जानेवारीत बेसलाइन घेतली, तळ मस्त, किडे-शिंपले भरपूर. ड्रिलिंग झालं. नंतरचं मॉनिटरिंग कोणीतरी ऑक्टोबरात केलं आणि तळ अर्धा मेलेला निघाला. दोष कोणाचा? किंवा उलट, खरंच कटिंग्जखाली तळ दबून गेलाय पण कंपनी म्हणते हे तर दरवर्षीचं ऑक्सिजनचं प्रकरण. दोन्ही भांडणं टाळायची असतील तर एक ट्रिप फेब्रुवारीत आणि एक पावसाळा संपता संपता, बोटी निघायला लागल्या की लगेच. क्लायंट खर्चाचं रडेल. त्याला सांगा की ही दुसरी ट्रिप त्याचाच विमा आहे.

जुना डेटाही बघा: एनआयओ, सीएमएफआरआयचं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं) मुंबई केंद्र, वर्सोव्याचं मत्स्य शिक्षण संस्थान. फक्त संदर्भ देऊन सोडू नका, तुमच्या आकड्यांशी जुळतो का बघा.

मच्छिमारांशी बोलणं

रिपोर्टमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं की प्रकल्पक्षेत्रात उल्लेखनीय मासेमारी आढळली नाही. कशी आढळेल, सर्व्हेचं जहाज दोन दिवस थांबलं आणि त्यातला एक दिवस होळीचा होता.

बंदरावर जा. सातपाटी, वर्सोवा, ससून डॉक, करंजा, प्रोजेक्ट कुठे आहे त्याप्रमाणे. ग्रामपंचायतीत सकाळी अकराला मीटिंग लावली तर जे येतील ते समुद्रावर जाणारे नसतील. सगळ्यात चांगला काळ जून-जुलै, १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, नाखवा आणि तांडेल घरी असतात, जाळी विणत, बोट शाकारलेली असते आणि बोलायला वेळ असतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत तुम्ही समुद्रावर जाऊ शकत नाही तेच दोन महिने माणसांसाठी वापरा.

विचारायचं कसं? "तुमचं सरासरी मत्स्योत्पादन किती" असं विचारलं की गप्प बसतात किंवा काहीतरी सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा कुठल्या महिन्यात किती वाव पाण्यात जाता, डोल लावता की गिलनेट की ट्रॉल, कशासाठी, बोंबील का पापलेट का घोळ, एका फेरीला किती दिवस, डिझेल किती, असं विचारा. बऱ्याच तांडेलांच्या जीपीएसमध्ये वर्षानुवर्षांचे मार्क साठवलेले असतात. ते मागू नका, ती त्यांची इस्टेट आहे, नकाशा पुढे ठेवून ढोबळ पट्टा दाखवायला सांगा. बायकांशीही बोला, कुठला मासा कधीपासून कमी झाला हे मार्केटात विकणारीला बोटीवाल्यापेक्षा आधी कळतं.

मग हिशोब. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सेफ्टी झोन असतो, तिथे बोट न्यायची नाही. एका प्लॅटफॉर्मचा झोन ०.८ चौरस किमीपेक्षाही कमी, रिपोर्ट म्हणतो नगण्य. पण मासे त्या पायांभोवतीच जमा होतात, आणि एकामागोमाग एक प्लॅटफॉर्म, पाइपलाइन, जहाजांचे रस्ते असं सगळं एका नकाशावर टाकलं की जाळं सोडायला सलग पट्टा किती उरतो ते मोजा. वाहतं जाळं चार-पाच किमी वाहत जातं, त्याला चौरस किमी कळत नाहीत, त्याला मोकळा रस्ता लागतो.

आणि "पावसाळ्यात मासेमारी नसल्याने परिणाम नाही" हे वाक्य दिसलं की लाल पेनने खोडा. बंदी आहेच मुळी माशांच्या प्रजननासाठी. बोटी नाहीत म्हणजे अंडी-पिल्लं नाहीत असं नाही, उलट आहेत.

एकेक परिणाम

कटिंग्ज आणि मड: २००५ चे नियम आहेत. डिझेलचा मड बंद. शक्यतो पाण्यावर आधारित मड. बॅराइटमध्ये पारा किलोला १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमच्या आत. चुऱ्यावर चिकटलेलं तेल किलोला १० ग्रॅमपेक्षा कमी, आणि टाकायचा वेग विहिरीमागे तासाला सरासरी ५० बॅरल. हे सगळं रिपोर्टमध्ये असतंच, नसतं ते हे की चुरा प्रत्यक्षात किती जाडीचा थर करून कुठे बसेल. त्यासाठी कॉम्प्युटर मॉडेल चालवा, दोन सीझनचे प्रवाह घालून. मुंबई हायला पाण्याची खोली साधारण ७५-८० मीटर, एवढ्या खोलीत जाड चुरा जवळपासच पडतो आणि बारीक माती लांब जाते.

आवाज: जॅकेटचे (प्लॅटफॉर्मच्या तळावर उभ्या सांगाड्याचे) पाइल म्हणजे खांब ठोकताना जो आवाज होतो तो पाण्यात फार लांब जातो. ब्रिटनच्या जेएनसीसी या निसर्गसंवर्धन संस्थेची पद्धत उसनी घेतात, ठोकायच्या आधी अर्धा तास ५०० मीटरच्या वर्तुळात डॉल्फिन-व्हेल आहेत का बघायचं, मग निदान २० मिनिटं हळूहळू जोर वाढवायचा. अरबी समुद्रातला हंपबॅक व्हेल बाकीच्या हंपबॅकसारखा ध्रुवाकडे जातच नाही, वर्षभर इथेच असतो आणि संख्येने फार थोडा उरलाय, म्हणून त्याचा वेगळा परिच्छेद हवा. आणि प्रॅक्टिकल गोष्ट: पांढऱ्या लाटा फुटायला लागल्या की डोळ्यांनी डॉल्फिन दिसत नाही. "निरीक्षक ठेवू" एवढं लिहून भागत नाही, किती लाटेला काम थांबवणार तो आकडा लिहा, रात्रीचं काय करणार तेही.

हवा आणि फ्लेअर पटकन उरकलं तरी चालेल, १६० किमीवर शेजारी कोणी नाही, पण कार्बन आणि मिथेनचा वर्षाचा आकडा द्या. रात्रीच्या फ्लेअरकडे स्थलांतर करणारे पक्षी खेचले जातात, त्यावर दोन ओळी.

तेलगळती

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सोपा नियम असा की पाण्यावरचं तेल प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने आणि वाऱ्याच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकतं. हिवाळ्यात सेकंदाला ४ मीटरचा वारा धरला तर वाऱ्यामुळे दिवसाला जेमतेम १० किमी. जुलैत १२ मीटरचा वारा धरला तर दिवसाला ३१ किमी, आणि तो वारा नैर्ऋत्येकडून-पश्चिमेकडून, म्हणजे किनाऱ्याच्या दिशेने. १६० किमी, पाच दिवस. त्यात प्रवाह दक्षिणेकडे ओढतो म्हणून ते डहाणूला लागेल की मुरूडला की अजून खाली, हे अंदाजाने नाही सांगता येत.

म्हणून एका दिवसाचा वारा घेऊन काढलेला एक सुंदर रंगीत नकाशा स्वीकारू नका. वेगवेगळ्या दिवशी सुरू होणाऱ्या मॉडेलच्या शंभर-दोनशे रन, महिन्यानुसार वेगळ्या, आणि त्यातून तीन उत्तरं: कुठल्या किनाऱ्याला लागायची शक्यता किती टक्के, सगळ्यात लवकर किती तासांत, आणि जास्तीत जास्त किती टन. किती दिवस गळेल हेही खरं धरा. मेक्सिकोच्या आखातात २०१० ला डीपवॉटर होरायझनची विहीर ८७ दिवस वाहत होती, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला २००९ ला माँटाराची ७४ दिवस. आणि आपल्याकडचे रिपोर्ट २४ तासांची गळती धरतात.

मुंबई हायचं क्रूड हलकं आहे, बराच भाग उडून जातो म्हणून काळजी नाही, असा एक आवडता युक्तिवाद असतो. उडतो, खरं आहे. पण त्यात मेण जास्त असतं, उरतं ते मेणचट, आणि पावसाळ्याच्या लाटांत पाणी मिसळून त्याचा मलमासारखा लगदा होतो, आकारमान तीन-चार पट. दर पावसाळ्यात जुहूला, किहीमला, गोव्याच्या बीचवर पायाला जे डांबराचे गोळे चिकटतात ते सगळे प्लॅटफॉर्मचेच असतात असं नाही, टँकर धुतलेलं तेलही असतं, पण म्हणूनच तुमच्या फील्डच्या तेलाचा रासायनिक फिंगरप्रिंट आधीच काढून ठेवा, उद्या गोळे आले तर आपले की परके हे ठरवता येईल.

आवरणार कसं हे लिहिताना तर जुलै विसरूच नका. तेल अडवायचे बूम पाण्याचा वेग साधारण पाऊण नॉटच्या वर गेला की तेल खालून सोडायला लागतात, आणि लाट मोठी असली की वरून. रिपोर्टमध्ये बूम किती मीटर आहेत ते लिहिलेलं असतं, ते वर्षातले किती दिवस चालतील ते नसतं. तो आकडा लाटांच्या डेटावरून काढता येतो, काढा.

आणि अपघात पावसाळ्यात होत नाहीत असं कोणी म्हणालं तर २७ जुलै २००५ आठवा. मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. जहाजावरच्या एका जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर न्यायचं होतं, खराब हवेने हेलिकॉप्टर उडत नव्हती म्हणून जहाज जवळ आणलं, ते राइझरला (तळातून वर येणाऱ्या तेल-गॅसच्या पाइपला) धडकलं, गॅस पेटला, मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म दोनेक तासांत गेला आणि २२ माणसं गेली. १७ मे २०२१ ला, पावसाळ्याच्या तोंडावर, तौक्ते वादळात कामगारांना राहायचा पी-३०५ बार्ज बुडाला. त्या आधी ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर, सुमारे ८०० टन तेल, भर पावसाळ्यात, आणि ते खाडीतल्या तिवरांपर्यंत गेलं. हे शेवटचं तेल-प्रोजेक्टचं प्रकरण नाही पण तेल किनाऱ्याला कसं लागतं हे शिकायला त्याच्यासारखं उदाहरण नाही.

किनाऱ्याचा संवेदनशील नकाशा करताना ठाण्याची खाडी आणि फ्लेमिंगो, रायगडची तिवरं, वेळासला अंडी घालणारी कासवं (त्यांचे महिने नोव्हेंबर ते मार्च), मालवणचं सागरी अभयारण्य, आणि सिंधुदुर्गसमोर किनाऱ्यापासून लांब, आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावरची प्रवाळं, असं महिन्यासकट लिहा. नुसती यादी नको.

मॅट्रिक्स, सुनावणी आणि नंतरचं

लाल-पिवळा-हिरवा तक्ता शेवटी भरा, आधी नाही. प्रत्येक रकाना दोनदा भरा, पावसाळ्याचा आणि पावसाळ्याबाहेरचा, बघा किती हिरवे पिवळे होतात. आजूबाजूचे आधीचे प्लॅटफॉर्मही हिशोबात धरा, समुद्राला तुमच्या प्रोजेक्टची हद्द माहीत नसते.

सुनावणी असेल तर किमान ३० दिवसांची नोटीस लागते आणि सारांश मराठीत द्यावा लागतो. तो सारांश दुसऱ्याकडून भाषांतर करून घेऊ नका, स्वतः लिहा. "नितलस्थ जैवविविधतेवर अल्पकालीन प्रभाव" हे वाचून करंज्याच्या माणसाला काय कळणार, "विहिरीभोवती इतक्या मीटरपर्यंत तळाचे शिंपले-किडे गाडले जातील, परत यायला इतकी वर्षं" असं लिहा. लोक चिडतील, पण निदान बरोबर गोष्टीवर चिडतील.

क्लिअरन्स मिळाल्यावर दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा कम्प्लायन्स रिपोर्ट जातो, १ जून आणि १ डिसेंबरला. नवीन काम सुरू करायच्या आधी शेजारच्या जुन्या प्रोजेक्टचे हे रिपोर्ट शोधून वाचा, वेबसाइटवर बरेचसे सापडतात. सॅम्पल कुठल्या महिन्यात घेतलंय तो कॉलम आधी बघा. आणि तुमच्या मॉनिटरिंग प्लॅनमध्ये तीच स्टेशन्स, तीच चाळणी आणि तेच दोन महिने असं स्पष्ट लिहून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी जो कोणी ग्रॅब टाकेल त्याला तुमच्या बरण्यांशी तुलना करता येईल.